टाके किती? दोन लेबर रूमचा हिशेब

मी गेली बारा वर्षं ब्लाउज शिवते. रुबियात कात्री कशी सरकते, पैठणीच्या जरीकाठावर कशी अडखळते आणि हाय-नेकच्या गळ्याला लावायचं बकरम कापताना कशी करकरते, हे मला डोळे मिटूनही सांगता येईल. ऑक्टोबर २०१८ मध्ये माहेरच्या तालुक्याच्या गावी, एका खासगी हॉस्पिटलच्या लेबर टेबलावर पाय पट्ट्यांत अडकवलेले असताना मी तो बकरमचा आवाज ऐकला. एकदाच. कळ एवढी जबर होती की कापल्याचं दुखलं असं म्हणता येणार नाही. पण आवाज ओळखीचा होता. कुठे कापलं, किती कापलं, कशासाठी कापलं, हे कुणी सांगितलं नाही आणि विचारायची माझी अवस्थाही नव्हती.

जुलै २०२३ मध्ये दुसरं बाळंतपण पुण्यात झालं. दोन्ही वेळा मूल खालूनच झालं, दोन्ही वेळा टाके पडले. तरी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता आणि तो फरक मला सांगायचा आहे. हॉस्पिटलचे रिव्ह्यू वाचायला गेलं की स्टाफ चांगला, खोल्या स्वच्छ, पार्किंगची अडचण, एवढंच सापडतं. बाईला कधी कापतात, विचारून कापतात का न विचारता, यावर एक ओळ मिळत नाही.

पहिल्या हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे, आई तिथेच राहते, आणि तिथल्या डॉक्टरीणबाई पहाटे तीनला स्कूटरवरून आल्या आणि माझी मुलगी सुखरूप हातात दिली, हेही तितकंच खरं आहे. दुसऱ्याचंही देत नाही. एकाचं झाकायचं आणि दुसऱ्याची जाहिरात करायची, हे मला बरं वाटत नाही.

तर पहिलं हॉस्पिटल. बिल झालं साडेअठरा हजार, औषधं वेगळी. खोली स्वच्छ, गरम पाणी चोवीस तास. तिथे एक मावशी होत्या, साठीच्या असतील. रात्रभर माझी कंबर चोळून दिली आणि एकदाही चिडल्या नाहीत. पाचपैकी पाच द्यायचे तर त्यांनाच देईन. बाकी सगळं त्यांच्या ठरलेल्या वेळापत्रकाने चाललं होतं. संध्याकाळी सहाला कळांचं सलाईन लावलं. उताणं झोपायचं, कुशीवर वळायचं नाही, कारण सुई निघेल. रात्री अकराला दोन पानी फॉर्मवर सही घेतली, माझी आणि नवऱ्याची. 'प्रसूतीदरम्यान आवश्यक त्या सर्व प्रक्रिया' असं काहीतरी त्यात होतं. त्या 'सर्व'मध्ये काय काय येतं ते मला नंतर कळलं.

शेवटी शेवटी एक सिस्टर स्टुलावर चढून पोटावर दाबत होती आणि दुसरी माझ्या पायांकडे उभी राहून ओरडत होती, "जोर लाव, श्वास सोडू नकोस, लाव लाव लाव!" तेवढ्यात डॉक्टरीणबाई मागे वळून कुणाला तरी म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे ना? एपि घेते." सिस्टरने ट्रे पुढे केला. ट्रे आधीपासूनच तयार होता, हे मला आजही आठवतं. मग तो आवाज.

मुलगी झाली, दोन किलो आठशे ग्रॅम. खरी कसोटी त्यानंतर लागली. बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, नाही म्हणणार नाही. पण ते चढायच्या आत सुई चालू झाली. मी ओरडले तर सिस्टर म्हणाली, "बाळ काढताना एवढं ओरडली नाहीस, आता काय झालं?" मी टाके मोजायला लागले. सवयच आहे, हातशिलाई करताना मी मनात मोजतच असते. आतले किती ते समजलं नाही. बाहेरचे सात, प्रत्येकाला वेगळी गाठ. सातव्या गाठीला दोऱ्याचं टोक कापल्याचा बारीक आवाज आला आणि मावशी म्हणाल्या, "झालं गं बाय."

आमच्याकडे बाळंतिणीला भेटायला येणारी प्रत्येक बाई ठरलेल्या क्रमाने विचारते: मुलगा का मुलगी, वजन किती, नॉर्मल का सिझर, टाके किती. टाके कशाचे हे कोणी विचारत नाही. दात येतात तसे बाळंतपणात टाके येणारच, असं सगळ्यांनी धरलेलं. मीही सांगत राहिले, "सात." जणू मार्कच पडलेत.

पुढचे दोन महिने थोडक्यात सांगते, कारण ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. लघवीला बसताना मगभर कोमट पाणी हळूहळू ओतत राहायचं, म्हणजे आग कमी. पहिल्यांदा संडासला जायची भीती ही कळांपेक्षा मोठी भीती आहे. पाजायला बसायचं तर एका बाजूवर, त्याने कंबर भरून यायची. नवव्या दिवशी एक टाका उसवला, तिथे पू झाला, अँटिबायोटिक्स चालू झाली. त्यात आईचा आग्रह शेक-शेगडीचा. धुरी घेच म्हणून मागे लागली. ओल्या टाक्यांवर धूर कशाला, म्हणून मी भांडले, आणि आई दोन दिवस बोलली नाही. शिलाई मशीनवर मी अडीच महिन्यांनी बसले, तेही खाली गोधडीची चार घड्यांची गादी करून. नवऱ्याजवळ जायला आठ महिने लागले आणि तेव्हाही डाव्या-उजव्या बाजूत फरक जाणवायचा, शिवण ओढल्यासारखी. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "होतं असं. कट दिला नसता तर फाटलं असतं, ते बरं वाटलं असतं का?"

हे वाक्य मी पाच वर्षं खरं मानलं.

दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा जुनी फाइल शोधून काढली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, 'एफटीएनडी विथ आरएमएलई.' माझ्याकडे एक नर्स सिस्टर ब्लाउज शिवायला येतात. त्यांचं माप घेता घेता विचारलं. म्हणाल्या, "फुल टर्म नॉर्मल डिलिव्हरी, आणि राइट मीडिओलॅटरल एपिसिओटॉमी. उजवीकडे तिरका कट. आम्ही एपि म्हणतो." मी विचारलं, माझ्या बाबतीत काय अडचण आली होती? त्या हसल्या. "अडचण कशाला यायला हवी? मी जिथे शिकले तिथे पहिलटकरणीला सरसकटच द्यायचे." तोंडात टाचण्या धरलेल्या होत्या म्हणून मी त्यावर काही बोलले नाही.

त्या जुन्या हॉस्पिटलात पूर्ण केसपेपर मागायलाही गेले होते. मिळाले नाहीत, पण तक्रारही करता येत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. मी पाच वर्षांनी गेले. तुम्ही उशीर करू नका. डिस्चार्जच्या आठवड्यातच अर्ज टाका.

मग मी वाचायला बसले. मराठीत फारसं काही नाही, भाचीला धरून इंग्रजीतलं समजून घेतलं. हा कट पहिल्यांदा लिहून ठेवला डब्लिनच्या फील्डिंग ऊल्ड नावाच्या डॉक्टराने, १७४२ मध्ये, आणि तोही अडलेल्या बाळंतपणासाठी. सरसकट करायचं खूळ नंतरचं, अमेरिकेतलं. शिकागोचे जोसेफ डिली यांनी १९२० मध्ये मांडलं की बाईला गुंगी द्या, कट द्या आणि चिमटा लावून मूल ओढून काढा. बाळंतपण हे मुळात इजा करणारंच प्रकरण आहे. बाई दाताळ्यावर पडून दांडा आरपार जावा, अशी त्यांची उपमा होती. बरं, डिली काही वाईट माणूस नव्हता. गरीब बायकांसाठी त्यांनी प्रसूतिगृह चालवलं. पण त्यांचा सल्ला जगभर पसरला तो 'सरळ कापलेलं वेडंवाकडं फाटण्यापेक्षा बरं' या एका समजुतीवर, आणि ती खरी का खोटी हे नीट तपासायला साठ-पासष्ट वर्षं गेली.

तपासलं तेव्हा काय निघालं? इंग्लंडमध्ये १९८४ साली हजार बायकांचा अभ्यास झाला, आणि आर्जेंटिनातला मोठा अभ्यास १९९३ साली छापून आला. त्यात आठ सरकारी प्रसूतिगृहं आणि २६०६ बायका होत्या. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एका गटात नेहमीसारखा कट, तो ८२.६ टक्के बायकांना पडला. दुसऱ्या गटात फक्त गरज असेल तरच, तो ३०.१ टक्के बायकांना. आता, कट वाचवतो हे खरं असतं तर दुसऱ्या गटात भयंकर फाटायला हवं होतं, अगदी शौचाच्या जागेपर्यंत. तशा मोठ्या जखमा पहिल्या गटात १.५ टक्के आणि दुसऱ्यात १.२ टक्के. म्हणजे वाचवलं काहीच नाही. उलट दुखणं आणि टाके उसवणं कट देणाऱ्या गटातच जास्त. २०१७ मध्ये असे बारा अभ्यास एकत्र करून पाहिले, ६१७७ बायकांचे, तर गरजेपुरताच कट देणाऱ्यांत मोठ्या जखमा साधारण ३० टक्क्यांनी कमी निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत सरळ लिहिलंय की आपोआप होणाऱ्या बाळंतपणात सरसकट कट देऊ नये. २०१८! फेब्रुवारीत ते छापून आलं आणि ऑक्टोबरात माझ्यासाठी ट्रे तयार होता.

नाण्याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कुणी म्हणेल शिंपीण डॉक्टरकी शिकवते. कट दिला नाही तर पुढच्या बाजूला, लघवीच्या जागेजवळ, बारीक ओरखडे जास्त पडतात, हेही त्याच अभ्यासांत आहे. आणि फाटण्याची भीती खोटी नाही. आईची चुलती घरीच बाळंत झाली, सुईणीच्या हातून, तिला खालपर्यंत फाटलं, कोणी शिवलं नाही. ती म्हातारी मरेपर्यंत लग्नकार्याला गेली नाही, कारण शौचावर ताबा नव्हता. सुईणींच्या काळात सगळं कसं छान, असं सांगणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते.

आता पुण्याचं. नावनोंदणी करण्याआधी मी दोन ठिकाणी गेले. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे एपि कोणाला देता? पहिल्या ठिकाणचे डॉक्टर म्हणाले, "ते तुम्ही आमच्यावर सोडा." सोडलं, म्हणजे त्यांनाच. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टर मॅडमनी आधी चष्मा काढला. मग विचारलं, "मागच्या वेळी त्रास झाला का?" पाच वर्षांत हे मला पहिल्यांदाच कुणी डॉक्टरने विचारलं. मी सगळं सांगितलं, त्यांनी तपासलं, जुना व्रण कुठून कुठे गेलाय ते बोट ठेवून दाखवलं. मग लेबर रूमचं रजिस्टर उघडून, नावांवर कागद आडवा धरून, एक रकाना दाखवला. काही ओळींत एपि, काहींत किती फाटलं त्याची पायरी, फर्स्ट डिग्री, सेकंड डिग्री, आणि बऱ्याच ओळींत 'इन्टॅक्ट'. म्हणजे काही कापलं नाही, काही फाटलं नाही. असा शब्द असतो हेच मला माहीत नव्हतं.

मी त्यांना माझं शिंपीणशास्त्र ऐकवलं. लक्ष्मी रोडवर अस्तर घ्यायला गेलं की दुकानदार काठाला कात्रीने बोटभर चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. चीर दिली नाही तर पैलवानालाही ते फाटायचं नाही. मग फाटू नये म्हणून चीर द्यायची, हे कुठलं गणित? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं मधोमध सरळ खाली दिलेल्या कटाबद्दल बरोबर आहे. तो पुढे फाटत शौचाच्या स्नायूत जातो. म्हणून आपल्याकडे तिरका देतात, साठ अंशांत." मी म्हटलं, म्हणजे उरेब. "उरेबच. पण बाळाचं डोकं टेकलेलं असताना कातडं ताणलेलं असतं. तेव्हा साठ अंश दिसतात आणि शिवल्यावर बघावं तर पंचेचाळीस." हे तर मला कळणारच. ताणून कापलेली उरेबपट्टी टेबलावर सोडली की तिचा कोन बदलतो, नवशिक्या मुलींचे गळे त्यानेच बिघडतात. माझा जुना व्रण बराच उभा आहे, तिरका कमी. त्यावर मॅडम काही बोलल्या नाहीत, मीही पुढे विचारलं नाही.

मग कट कधी देणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाळाचे ठोके पडले आणि घाईने काढायची वेळ आली तर. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागला तर. मोठं फाटणार असं समोर दिसत असेल तर. आणि प्रत्येक वेळी तोंडाने सांगून. फाइलवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तसं लिहिलं.

तयारी म्हणाल तर पस्तिसाव्या आठवड्यापासून खोबरेल तेलाने खालच्या जागेची मालिश, आठवड्यातून दोन-तीनदा, पाच मिनिटं. पहिलटकरणीला त्याने कट आणि टाके कमी लागतात. माझ्यासारखीला नंतरचं दुखणं कमी राहतं, असं त्या म्हणाल्या. शनिवारी सकाळी गरोदर बायकांचा एक वर्गही असायचा. त्याला मी पाचपैकी दीडच देईन. पडद्यावर सगळं इंग्रजी, शिकवणारी मुलगी भराभर बोलणारी, आणि शेजारी बसलेली जेजुरीकडची एक पोर शेवटपर्यंत मान हलवत होती, पण तिला ओ का ठो कळलं नव्हतं. चहाच्या वेळी मीच तिला रुमालावर दाखवलं.

२०२३ च्या जुलैत पाऊस कोसळत होता तेव्हा कळा सुरू झाल्या. इथे नवऱ्याला आत येऊ दिलं. आई मात्र बाहेर, एकच माणूस चालतं. सरकारी लेबर रूममध्येही २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारचा लेबर रूम सुधारण्याचा 'लक्ष्य' कार्यक्रम आल्यापासून सोबतीला एक माणूस ठेवण्यावर भर आहे, त्यामुळे खासगीवाल्यांनी उपकार केल्यासारखं सांगू नये. मी चालले, भिंतीला टेकले, गरम पाण्याखाली उभी राहिले. कळांचं सलाईन लावलं नाही. शेवटी डाव्या कुशीवर झोपले, वरचा पाय नवऱ्याने धरला. केरळची एक सिस्टर होती, मराठी मोडकंतोडकं, हात मात्र असा की काय सांगू. कोमट पाण्यात पिळलेला जाड कपडा तिने खाली दाबून धरला होता, निवला की दुसरा. आणि जोर लाव म्हणून ओरडायच्या ऐवजी ती म्हणत होती, "जोर नको ताई. फू करा. चहा गरम आहे, फू करा."

आग होते. त्या वेळी जी आग होते तिला दुसरा शब्द नाही. लोखंडी तव्याची कड लागावी तशी, गोल. पण ती हळूहळू वाढत होती आणि मला कळत होतं की ताण कुठे येतोय, कुठे थांबायचंय. २०१८ मध्ये मला हे काहीच कळलं नव्हतं, कारण तेव्हा मधेच कात्री आली.

आणि मग ठोके पडले. मशीनचा टकटक आवाज ढिला झाला, मलाही ऐकू आलं. मॅडम खाली वाकून माझ्या तोंडासमोर आल्या. पायांकडून नाही, तोंडासमोर. म्हणाल्या, "ठोके कमी होताहेत. दोन कळा बघते. तोवर आलं नाही तर कट द्यावा लागेल. बधिर करूनच देईन. चालेल?"

मी म्हटलं, "द्या."

हे मुद्दाम लिहितेय. मी 'कट' या शब्दावर पाच वर्षं राग धरून होते आणि विचारल्यावर 'द्या' म्हणायला मला एक सेकंदही लागला नाही. सिस्टरने तोवर इंजेक्शन भरून ठेवलं होतं. पहिल्या कळेला थोडं आलं. दुसऱ्या कळेला त्या म्हणाल्या, "आता लावा जोर, सगळा," आणि डोकं बाहेर आलं, मग खांदा, मग सगळा मुलगा सळकन. तीन किलो दीडशे. इंजेक्शन तसंच ट्रेमध्ये राहिलं. पण समजा त्यांनी कट दिला असता, तरी मी या हॉस्पिटलला एवढेच स्टार दिले असते.

फाटलं थोडं. सेकंड डिग्री, म्हणजे कातडं आणि खालचा थोडा स्नायू, जुन्या व्रणाच्या रेषेवरच. पुढे लघवीच्या जागेजवळ एक ओरखडाही पडला, त्याने चार दिवस चांगलंच झोंबलं. त्या अभ्यासातलं खरं ठरलं म्हणायचं. शिवताना मॅडमनी मोठा दिवा ओढून घेतला, इंजेक्शन दिलं, आणि मग चक्क थांबल्या. चिमट्याने टोचून विचारलं, "लागतंय?" लागत होतं. अजून थांबल्या. शिवायच्या आधी आणि नंतर मागून बोट घालून तपासतात, आतला स्नायू शाबूत आहे ना आणि टाका पलीकडे गेला नाही ना ते बघायला. तेही सांगून केलं. पहिल्या वेळी असं कुणी तपासल्याचं मला आठवत नाही. मी मान उचलून विचारलं, गाठी मारणार का? त्या म्हणाल्या, "नाही, सलग. दोरा आपोआप विरघळतो." मी म्हटलं, म्हणजे धावदोरा. नवऱ्याच्या हातात दहा मिनिटांचं पोर होतं आणि आम्ही दोघी दोऱ्यावर बोलत होतो.

चौथ्या दिवशी मी मांडी घालून बसले. महिन्याभरात मशीनवर.

आता तक्रारी, कारण बासष्ट हजार दिलेत. जेवण बेचव, बाळंतिणीला पहिल्या दिवशी सकाळी ब्रेड-जॅम कोण देतं? लिफ्ट एकच, आणि तीही टाके पडलेल्या बाईला टाकून औषधांचे खोके आधी नेते. डिस्चार्जला बिलाच्या खिडकीवर तीन तास. रात्रपाळीच्या एका सिस्टरने पहिल्याच रात्री न विचारता पावडरचं दूध आणलं, त्यावरून मी तिला बोलले. दूध उतरेपर्यंत धीराने बसवणारं कुणी नव्हतं. ते काम शेवटी आईने आणि अळिवाच्या खिरीने केलं. आणि हे सगळं ज्यांच्याकडे बासष्ट हजार आहेत त्यांच्यासाठी. ओला कपडा, कुशीवर झोपणं आणि तोंडाने विचारणं, यांतल्या कशालाच पैसे पडत नाहीत, हे मी बिलावर ओळ ओळ तपासलंय.

स्टार द्यायचे तर पहिल्याला अडीच, त्यातला एक मावशींचा. दुसऱ्याला चार. कापलेला एक ब्रेड-जॅमचा.

नाव नोंदवायला जाणाऱ्यांनी मी विचारलं ते विचारा. एपि कोणाला देता, देताना सांगता का, कुशीवर बाळंत होऊ देता का, आणि शिवायच्या आधी इंजेक्शन चढू देता का. सातव्या महिन्यात विचारा, टेबलावर नाही. उत्तरापेक्षा डॉक्टरांचा चेहरा बघा. माझ्या नणंदेने विचारलं तर तिचे डॉक्टर म्हणाले, "नेटवर फार वाचता वाटतं?" तिने फाइल उचलली आणि बाहेर आली. सासूबाई अजून तिच्यावर रागावल्या आहेत.

घरी आल्यावर गल्लीतल्या काकू बघायला आल्या. मुलगा झाला, वा. वजन? तीन किलो दीडशे. नॉर्मल ना? हो.

"टाके किती?"

"मोजता आले नाहीत हो काकू," मी म्हटलं. "सलग होते."